ऐकणाऱ्याचं कोण ऐकतं? पीअर सपोर्ट योजना सुधारायच्या तर सुरुवात कुठून करायची

उंबरठा
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत मी पीअर सपोर्टर होते, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांचं ऐकून घेणारी त्यांच्यातलीच एक. ओळखपत्राच्या दोरीवर पिवळी चिकटपट्टी असायची. 'हिच्याशी बोलता येईल' याची ती खूण. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला आणि सोमवारपासून आम्ही कामाला लागलो.

बहुतेक बोलणी साधी असायची. रूममेटशी पटत नाही, विषय राहिलाय आणि घरी सांगायची हिंमत होत नाही, ब्रेकअप झालाय. मला ते काम मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. म्हणूनच हा धागा काढतेय.

तिसऱ्या वर्षात एका रात्री पावणेबाराला एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला. "ताई, जागी आहेस? कुणाला सांगणार नाहीस ना?" मी "नाही गं, बोल" असं लिहून मोकळी झाले. पुढच्या दहा मिनिटांत तिने जे सांगितलं, त्यावरून कळलं की हे माझ्याजवळ ठेवून चालणार नाही. तिला जगायचं नव्हतं. मी तिच्या खोलीत जाऊन बसले, पहाटेपर्यंत तिथेच होते. सकाळी समुपदेशकांच्या खोलीकडे गेले तर दाराला कुलूप आणि दारावर कागद: बुधवार व शुक्रवार, ११ ते १. तो शनिवार होता.

शेवटी एका शिक्षिकेला घरी फोन केला. त्या धावत आल्या, तिच्या घरच्यांना बोलावलं, उपचार सुरू झाले. ती आज बरी आहे. पण "तू शब्द दिला होतास" एवढंच म्हणाली आणि नंतर कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. सोमवारी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती, ती मी दिली. तुझं काय, असं कुणी विचारलं नाही. कुणी दुष्ट नव्हतं. योजनेत तो प्रश्न विचारायची जबाबदारी कुणावरच नव्हती.

आता माझ्या कॉलेजने ही योजना नव्याने उभी करायला घेतली आहे आणि जुनी सपोर्टर म्हणून मला बोलावलंय. माझं म्हणणं एकच आहे. मुलांनी मदत मागायला पुढे यावं यावर सगळे बोलतात, पण मदत करणाऱ्या पोराच्या पाठीशी कोण आहे, हे आधी ठरायला हवं. तुम्ही विद्यार्थी असाल, सपोर्टर असाल किंवा अशा योजनेकडे कधी गेला असाल, तर लिहा. काय चुकलं ते आधी लिहा.

कोरा_कागद
वाचताना अंगावर काटा आला. माझं प्रकरण इतकं गंभीर नव्हतं, पण ते कुलूप मलाही ओळखीचं आहे. आमच्याकडे प्रशिक्षणात पहिला अर्धा दिवस 'ताण म्हणजे काय' यावरच गेला. समोरचा रडायला लागला तर काय करायचं, हे एकदाही करून घेतलं नाही. पहिल्यांदा माझ्यासमोर एक मुलगा रडला तेव्हा मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि ती रिकामी होती. त्याला ते कळलंही नाही, तो ती धरूनच बसला होता. मला मात्र अजून आठवतं.

सविस्तर नंतर लिहितो.

दोन_टोकं
उंबरठा, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. मी त्याच्या आधीच्या पायरीबद्दल लिहितो, ती म्हणजे निवड.

आमच्या वर्गातून सपोर्टर कोण व्हायचं हे वर्गशिक्षकांनी ठरवलं. साहजिकच हुशार, नीटनेटकी, सूत्रसंचालन करणारी मुलं निवडली गेली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ज्याची उपस्थिती कमी पडली आहे तो मुलगा पहिल्या नंबरातल्या मुलीकडे जाऊन मन मोकळं करेल का? आमच्या वर्गात सगळे जायचे ते शेवटच्या बाकावरच्या एकाकडे. तो मोबाइल दुरुस्त करायचा. स्क्रू काढता काढता "हं, मग?" एवढंच म्हणायचा आणि समोरचा सगळं सांगून जायचा. त्याचं नाव यादीत यायची शक्यताच नव्हती.

यावर एक चांगला दाखला आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांमध्ये 'असिस्ट' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. विषय धूम्रपान रोखण्याचा होता, पण पद्धत इथे उपयोगी आहे. त्यांनी १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारलं की तुम्ही कुणाला मानता, कुणाचं ऐकता. ज्यांची नावं सर्वात जास्त आली त्यांना बोलावून, शाळेबाहेर नेऊन दोन दिवस शिकवलं. मग त्यांनी दहा आठवडे आपल्या रोजच्या गप्पांतूनच ते काम केलं. शिक्षकांना नकोशी वाटणारी मुलंही त्यात आली आणि त्यांना वगळायचं नाही असं ठरलेलं होतं. धूम्रपानाकडे वळणाऱ्या मुलांचं प्रमाण त्या शाळांत खरोखर कमी राहिलं.

म्हणजे अर्ज मागवू नका, मुलाखती घेऊ नका. एक चिठ्ठी द्या: "अडचण आली तर वर्गातल्या कुणाकडे जाशील?" उत्तरं आपोआप मिळतील.

शांत_पाणी
मी पलीकडच्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून लिहिते.

आमच्या शाळेतली 'मैत्री खोली' मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून होती. दाराला काच. आत दोन खुर्च्या आणि पाहुण्याची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली. म्हणजे मी बोलत असताना कॉरिडॉरमधून जाणारा प्रत्येक जण मला दिसत होता आणि मी त्यांना. पहिल्या दिवशी मी चार मिनिटं बसले आणि "वह्यांबद्दल विचारायचं होतं" असं सांगून उठले.

दुसऱ्यांदा गेले ती एका सपोर्टर दीदीमुळे. तिने मला खोलीत बोलावलंच नाही. मैदानाला दोन चकरा मारू म्हणाली. चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या चकरीला मी बोलले. (दोन म्हणाली होती, पण तिने मोजलं नाही.) तिने एकही उपाय सांगितला नाही. "हे किती दिवसांपासून आहे?" आणि "अजून कुणाला माहीत आहे?" एवढंच विचारलं. दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प झाले, तर तीही गप्प राहिली.

मला आधी भेटलेल्या दोघांनी पहिल्याच वाक्यात "सगळं ठीक होईल" म्हटलं होतं. ते ऐकलं की वाटायचं, विषय संपला, आता उठायला हवं.

माझी मागणी: ती खुर्ची फिरवा. खरंच, आधी जागा बघा. कोण येतंय हे साऱ्या जगाला दिसणार असेल तर आत कितीही प्रशिक्षित माणूस बसवा, कुणी येणार नाही.

मधला_बाक
मी अकरावीत आहे. मोठ्यांच्या चर्चेत लिहू का असा प्रश्न पडला होता, पण विषय आमचाच आहे.

आमच्याकडे योजना सुरू करताना 'विद्यार्थ्यांचं मत' घेतलं होतं. मत काय घेतलं? बिल्ला निळा हवा की हिरवा. वेळ, जागा, कुणाला सांगायचं, तक्रार कुठे करायची, हे सगळं आधीच छापून आलं होतं. वेळ होती मधल्या सुट्टीची. मधल्या सुट्टीत ज्याला एकटं पडल्यासारखं वाटतं तो नेमका त्याच वेळी सगळ्यांसमोरून त्या खोलीकडे चालत जाणार नाही, हे आमच्यातल्या कुणीही सांगितलं असतं.

आमच्या एका मॅडमनी मला रॉजर हार्ट यांची शिडी दाखवली. त्यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी ती मांडली. मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या आहेत आणि खालच्या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. बिल्ल्याचा रंग कुठल्या पायरीवर येतो ते मला लगेच कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम तर १९८९ पासून सांगतंय की मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत ऐकलं पाहिजे आणि त्याला वजन दिलं पाहिजे. वजन म्हणजे आमच्या म्हणण्यामुळे काहीतरी बदललं पाहिजे. आमची मागणी पटली नाही तर का पटली नाही ते तरी सांगा.

उंबरठा
मधला_बाक, लिही, बिनधास्त लिही. बिल्ल्याचा रंग आम्हालाही विचारला होता. आमचा पिवळा निवडून आला.

सरळ_रेघ
माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडतोय, कुणाचं काम कमी लेखायला नाही.

मुळात हे काम १९-२० वर्षांच्या पोरांनी का करावं? समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस दोन तास येतात, कारण पूर्ण वेळ माणूस नेमायला पैसे नाहीत. मग ती पोकळी विद्यार्थ्यांनी भरायची आणि तिला 'योजना' म्हणायचं. उंबरठा यांच्यावर जी रात्र आली ती अपघाताने आली नाही, ती त्या दारावरच्या कागदातच लिहिलेली होती.

दुसरं, मुलांना एकत्र आणलं की भलंच होतं हे गृहीत धरू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०० हून जास्त मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना मार्गदर्शक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी ३० वर्षांनंतर त्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्या मुलांची अवस्था काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढे त्यांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बोट त्या शिबिरांकडेच गेलं: अडचणीतली मुलं एकत्र राहून एकमेकांच्या वागण्याला खतपाणी घालतात. हेतू सगळ्यांचे चांगले होते.

त्यामुळे आधी पूर्ण वेळ समुपदेशक, मग बाकीचं.

कानोसा
मी ११ वर्षं विद्यार्थ्यांची समुपदेशक म्हणून काम करते आहे. सरळ_रेघ यांचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. पीअर सपोर्ट हा समुपदेशकाला पर्याय म्हणून आणला की तो मुलांवर अन्याय होतो. दुसऱ्या मुद्द्यावर थोडं लिहिते.

प्रशिक्षित साधी माणसं फार मोलाचं काम करू शकतात. झिंबाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर वस्तीतल्या आज्या, आणि त्यांच्याशी बोलायला येणारी माणसं. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि नैराश्याची लक्षणं स्पष्टपणे कमी झालेली दिसली. पण त्या आज्यांना नुसतं बाकावर बसवलं नव्हतं. बोलायची ठरलेली पद्धत होती, देखरेख होती, आणि जड प्रकरण पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं होतं. फरक तिथे पडतो.

मनाने खचलेल्यांचं ऐकून घेणाऱ्या ब्रिटनमधल्या 'समॅरिटन्स'चंही तसंच. चाड वारा या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये ती सेवा सुरू केली. आलेल्यांना वारांना भेटायला थांबावं लागायचं म्हणून काही स्वयंसेवक बाहेर त्यांच्यासोबत बसायचे. हळूहळू लक्षात आलं की बऱ्याच जणांना त्या सोबतीनेच हलकं वाटतंय. तिथे आजही पाळी संपली की स्वयंसेवक तसाच उठून घरी जात नाही. दिवसभरात काय ऐकलं, त्याचा त्रास होतोय का, हे तो आधी एका अनुभवी सहकाऱ्याशी बोलून मोकळा होतो. प्रौढ स्वयंसेवकांना हे लागतं, मग विसाव्या वर्षी का लागणार नाही?

उंबरठा, आता तुमच्या त्या "नाही गं, बोल" बद्दल. ते वाक्य प्रत्येक सपोर्टर एकदा तरी लिहितो. कारण 'गुप्तता पाळा' एवढंच शिकवलेलं असतं, तिची हद्द शिकवलेली नसते. मी मुलांकडून हे वाक्य मोठ्याने, पाच-सहा वेळा म्हणून घेते: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी ते एकटी सांभाळणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." हे बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं. पाठ करून घ्यायचं. रात्री पावणेबाराला सुचत नाही.

आणि जीव द्यायचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते मनात पेरले जातात ही भीती अभ्यासांत खोटी ठरली आहे. उलट विचारल्यावर माणूस सुटकेचा श्वास सोडतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १५ ते २९ वयात आत्महत्या हे मृत्यूचं तिसरं मोठं कारण आहे. हा प्रश्न सपोर्टरपुढे कधीतरी येणारच, असं धरून तयारी करायला हवी.

शेवटचं. तुम्ही शब्द मोडला नाहीत, तुम्ही तिला वाचवायला माणूस आणलात. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

उंबरठा
कानोसा ताई, शेवटची ओळ वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. धन्यवाद.

रात्रपाळी
होस्टेलमधल्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सपोर्टरांच्या यादीत १४ मुली आणि ३ मुलगे. येणारेही जवळपास त्याच प्रमाणात. मुलगे बोलत नाहीत म्हणून सोडून द्यायचं का? मुलगे बोलतात, पण 'बोलायला ये' म्हटलं की बोलत नाहीत. सायकलची चेन बसवताना बोलतात, कॅरमवर बोलतात, रात्री गच्चीवर बोलतात. आमच्या मजल्यावर मी आणि अजून एकाने पाटी लावणंच बंद केलं. फक्त रोज रात्री दहा ते अकरा कॅरमपाशी असायचो. दोन महिन्यांत सहा जण आले. कुणीही 'मदत हवी आहे' असं म्हणत आला नाही.

आणखी एक. स्वतःचा नंबर देऊ नका. एक सामायिक नंबर ठेवा आणि रात्रीची पाळी लावा. ज्याची पाळी नाही तो झोपेल. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा मी फोन उलटा ठेवून झोपलो. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे कुठल्याही वेळी उचलला जाईल असा एका मोठ्या माणसाचा नंबर हवाच. आमच्याकडे तो रेक्टर सरांचा आहे, ते दोनदा रात्री उठून आलेत.

सरळ_रेघ
कानोसा, पटलं. मी 'आधी समुपदेशक, मग बाकीचं' म्हटलं होतं, त्यात थोडी दुरुस्ती करतो. पाठीशी माणूस नसेल तर योजना सुरूच करू नये. असेल तर जरूर करावी.

पालवी
मी पालक. मुलगी वर्षभर पीअर सपोर्टर होती हे मला तिचं प्रमाणपत्र सापडलं तेव्हा कळलं. त्या वर्षी ती जेवताना गप्प असायची, आम्ही अभ्यासाचा ताण समजलो. कुणाचं काय ऐकलंस हे मला नकोच आहे. पण ती हे काम करतेय एवढं शाळेने कळवलं असतं, तर मी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

कोरा_कागद
सविस्तर लिहितो म्हणालो होतो.

त्या रिकाम्या बाटलीनंतर मी सोडणार होतो. एका सिनियरने अडवलं नाही, तो म्हणाला, सोडायच्या आधी मंगळवारी ये. तेव्हापासून आम्ही सपोर्टर दर मंगळवारी अर्धा तास बसतो, समुपदेशक मॅडमसोबत. नावं घ्यायची नाहीत. एकच प्रश्न फिरतो: "या आठवड्यात काय जड गेलं?" पहिले तीन मंगळवार सगळे "काही नाही" म्हणाले. चौथ्या मंगळवारी मॅडमनी स्वतःचं काय जड गेलं ते सांगितलं आणि मग गाडी सुरू झाली.

त्याच बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, नोंदवहीत फक्त तारीख आणि एक खूण. कोण आलं, काय बोललं, काही नाही. किती जण आले हे कळतं आणि वही हरवली तरी कुणाचं गुपित फुटत नाही. दोन, सपोर्टरला महिनाभर थांबायची मुभा, कारण न सांगता. स्वतःची परीक्षा असेल, घरात कुणी आजारी असेल, किंवा नुसतंच ऐकवत नसेल. आत्तापर्यंत पाच जण असे थांबले. त्यातले चार परत आले. पाचवी आली नाही, तिला कुणी विचारलंही नाही, आणि मला वाटतं हेच बरोबर आहे.

शांत_पाणी
ती महिनाभराची मुभा पलीकडच्या माणसालाही सांगा. माझी दीदी मधेच दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, मी जास्त बोलले म्हणून ती टाळतेय. "मी या महिन्यात नाही, तोवर अमुक आहे" एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मधला_बाक
हे मी उद्या आमच्या मॅडमना दाखवणार आहे. खुर्ची, मंगळवार आणि शांत_पाणी यांचं हे वाक्य. रंगाबद्दल काही बोलणार नाही.

उंबरठा
सगळ्यांचं वाचून एक पान तयार केलंय. वर्गाकडून चिठ्ठ्या घेऊन निवड. रात्रीचा सामायिक नंबर आणि त्यामागे जागा असणारा एक मोठा माणूस. सपोर्टरांची दर आठवड्याची बैठक. बैठक घेणारा माणूस नेमल्याशिवाय एकाही मुलाला पट्टी द्यायची नाही, हे मी सर्वात वर लिहिलंय. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर योजना पुढे ढकला म्हणणार आहे.

काल रात्री त्या मुलीला हा धागा पाठवला. तिचं नाव-गाव काही नाही, तरी तिला विचारल्याशिवाय मिटिंगमध्ये हा प्रसंग सांगायचा नव्हता. तिचं उत्तर सकाळी आलं: "सांग. आणि कानोसा ताईंचं ते वाक्य मला तेव्हा कुणी म्हटलं असतं तरी मी बोलले असते. थोडी चिडले असते, पण बोलले असते." खाली अजून एक ओळ होती: "तू परीक्षा कशी दिलीस गं?"

मिटिंग गुरुवारी साडेचारला आहे. काय झालं ते इथेच लिहीन.